पिवळ्या भिंतीसमोर बाबा आणि मी

बाबांची दृष्टी गेली तेव्हा आमच्या घरात सगळ्यात आधी बदललं ते जेवणाचं ताट. इंग्लंडमधल्या रीडिंग गावातलं आमचं घर लाल विटांचं, दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांना चिकटलेलं, आणि मागच्या छोट्या किचनमध्ये आई रोज संध्याकाळी बाबांचं ताट वाढताना मोठ्यानं बोलायची. "अहो, सहावर भात आहे, बारावर मेथीची भाजी, तीनवर लिंबू." ताट म्हणजे घड्याळ समजायचं, ही पद्धत काउन्सिलकडून, म्हणजे नगरपालिकेकडून, येणाऱ्या एका बाईंनी शिकवली होती. त्यांनीच आणखी एक यंत्र दिलं होतं. ते कपाच्या काठाला अडकवायचं, म्हणजे चहा वरपर्यंत आला की ते पीं करून ओरडायचं. बाबांना त्या आवाजाचा इतका राग यायचा की त्यांनी स्वतः चहा ओतणं सोडून दिलं. आई ओतून द्यायची, ते प्यायचे, आणि पुढच्या खोलीतल्या खुर्चीत जाऊन बसायचे. कोपऱ्यात एक बोलणारं घड्याळ होतं. दर तासाला एक इंग्लिश बाई अतिशय आनंदानं वेळ सांगायची. त्या घरात तेवढीच एक व्यक्ती आनंदात होती.

बाबा भूलतज्ज्ञ होते. नागपूरच्या मेडिकल कॉलेजातून निघून इंग्लंडमधल्या दोनतीन हॉस्पिटलांत नोकरी करत ते रीडिंगला आले, तेव्हा मी सहा वर्षांची होते. ऑपरेशन थिएटरमध्ये ते पेशंटला झोपवताना त्याच्याशी फुटबॉलबद्दल बोलायचे असं सगळे सांगत. "तुमची टीम कुठली?" असं विचारायचे, आणि पेशंट उत्तर देता देता झोपी जायचा. कॉलेजात ते गोलकीपर होते. घरातही ते गोलकीपरसारखेच वावरायचे, दोन्ही हात किंचित पुढे, कुठूनही काहीही आलं तरी झेलायला तयार. आईच्या हातून निसटलेली वाटी त्यांनी जमिनीवर पडायच्या आत पकडलेली मी दोनदा पाहिली आहे.

काचबिंदू त्यांना फार उशिरा कळला. डॉक्टर असून. तो माणसाला बाजूनं खातो, समोरचं शेवटपर्यंत दिसत राहतं, म्हणून फसवतो. आणि तो ओळखला तो बाबांनी नव्हे, उर्सुलाने. उर्सुला त्यांच्या थिएटरमधली सिनियर नर्स, जर्मनीतल्या डॉर्टमुंडची, उंच, खरखरीत आवाजाची. तिच्या लक्षात आलं की डॉक्टर डाव्या बाजूचा ट्रे चाचपतात. दोनेक महिने ती गुपचूप ट्रे त्यांच्या समोर सरकवत राहिली. मग एक दिवस ऑपरेशन संपल्यावर तिनं दार लावून घेतलं आणि सरळ सांगितलं, "डॉक्टर, उद्यापासून तुम्ही यायचं नाही. आधी डोळे दाखवायचे." बाबा त्या दिवशी दुपारीच घरी आले. त्यानंतर ते उर्सुलाशी एक शब्दही बोलले नाहीत. ती नोकरी संपवून आपल्या गावी परत गेली, तिथून पत्रं पाठवत राहिली, मी ती वाचून दाखवायला लागले की बाबा म्हणायचे, "ठेव तिकडे."

घरातला फुटबॉलही बंद झाला. आधी शनिवारी दुपारी आमच्याकडे टीव्हीचा नुसता गदारोळ असायचा. आता कोणी चुकून रेडिओवर मॅच लावली तरी बाबा हात वर करायचे, बंद करा म्हणून. "तो माणूस ज्यांना दिसतं त्यांच्यासाठी बोलतो," ते एकदा म्हणाले. मला ते पटलं नाही. रेडिओ तर ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठीच असतो. पण मी सोळा वर्षांची होते, माझ्या स्वतःच्या अडचणी होत्या, आणि खरं सांगायचं तर खुर्चीतल्या त्या माणसाची मला भीती वाटायला लागली होती. मी शाळेतून आले की "हाय बाबा" म्हणून थेट वर जायचे. आम्ही दोघं एकमेकांशी फार तर दहा वाक्यं बोलत असू, आणि तीही इंग्लिशमध्ये. माझं मराठी म्हणजे किचनमधलं मराठी. गॅस बारीक कर, दूध बघ, पसारा आवर. आई बोलायची ते सगळं कळायचं, पण उत्तर द्यायला लागले की पुल्लिंग कुठलं आणि स्त्रीलिंग कुठलं याचा गोंधळ व्हायचा, म्हणून मी बोलतच नसे.

उर्सुलाचं एक पत्र मात्र मी त्यांचं न ऐकता पूर्ण वाचलं. त्यात तिनं लिहिलं होतं की तिच्या गावच्या स्टेडियममध्ये दृष्टी नसलेल्या प्रेक्षकांसाठी राखीव जागा आहेत. तिथे हेडफोन मिळतात आणि दोन माणसं तुमच्याचसाठी मॅचचं वर्णन करतात, चेंडू कुठे आहे, कोण धावतंय, सगळं. वर्णन जर्मनमध्ये असतं, पण ती शेजारी बसून इंग्लिशमध्ये सांगेल. ऑक्टोबरमधल्या एका शनिवारची तीन तिकिटं तिनं काढून ठेवली होती. शेवटची ओळ अशी होती: "डॉक्टरांना सांग, माझ्यावर रागवायचं असेल तर इथे येऊन रागवा, इथे आवाज चढवला तरी कोणाला ऐकू जाणार नाही."

मला वाटलं बाबा "ठेव तिकडे" म्हणतील. पण त्यांनी पत्र मागून घेतलं, त्याच्या घडीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "दक्षिणेकडच्या स्टँडमध्ये लोक अजून उभे राहतात का, विचार तिला."

आईला लॅबमधून सुट्टी मिळण्यासारखी नव्हती. ती पॅथॉलॉजीत होती, आणि बाबांची नोकरी गेल्यापासून शनिवारचीही ड्युटी घ्यायची. त्यामुळे जायचं आम्ही दोघांनीच, आणि या कल्पनेनं मी आणि आई दोघीही सारख्याच घाबरलो होतो. तिनं पहाटे उठून सांबारवड्या तळल्या, नागपूरकडच्या, आत गच्च कोथिंबीर भरलेल्या, आणि माझ्या सॅकमध्ये डबा ठेवत ती हळूच म्हणाली, "त्यांना एकटं सोडू नकोस गं. आणि सारखं धरूही नकोस." हे दोन्ही एकाच वेळी कसं करायचं ते तिनं सांगितलं नाही. विमानात बाबा खिडकीशी बसले. बाहेर ढग आहेत की जमीन, त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

डॉर्टमुंडच्या स्टेशनवर उर्सुला गावच्या संघाचा पिवळा-काळा स्कार्फ घालून उभी होती. थिएटरच्या निळ्या कपड्यांत पाहिलेली ती बाई या स्कार्फमध्ये मला ओळखूच आली नाही. तिनं पुढे होऊन बाबांचा हात हातात घेतला. बाबा म्हणाले, "तू मला दोन महिने आधी सांगायला हवं होतंस. दोन महिने नुसता ट्रे सरकवत बसलीस." उर्सुला म्हणाली, "मला धीर होत नव्हता, डॉक्टर." बाबांनी मान हलवली. तेवढंच. मग त्यांनी मला डबा काढायला सांगितला, आणि आम्ही तिघांनी स्टेशनच्या बाकावर बसून सांबारवड्या खाल्ल्या. समोरून पिवळ्या कपड्यांतली माणसं नदीसारखी चालली होती. आजोबा, शाळकरी मुली, कडेवर बाळ घेतलेल्या आया. उर्सुलानं एक वडी खाल्ली, दुसरी घेतली, आणि तिसरी कागदात गुंडाळून खिशात टाकली.

स्टेडियमपर्यंत आम्ही त्या नदीबरोबरच चालत गेलो. वाटेत उर्सुला त्या जागेबद्दल सांगत होती, जसं आपल्याकडे कोणी आपल्या माहेरच्या घराबद्दल सांगतं तसं. ती लहान असताना हे स्टेडियम नवंकोरं होतं आणि तिथे वर्ल्ड कपच्या मॅचेस झाल्या. स्कॉटलंड आणि आफ्रिकेतल्या झाईरची मॅच तिनं वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिली. ब्राझील हरलं ती नेदरलँड्सविरुद्धची मॅच तिच्या वडिलांनी पाहिली, तिला गोवर आला होता म्हणून ती घरी रडत बसली होती. आणि मग अलीकडचा तो वर्ल्ड कप, तीच जागा, इटलीविरुद्धची सेमीफायनल. जादा वेळेतली शेवटची दोनतीन मिनिटं उरली होती, लोक पेनल्टींची तयारी करत होते, आणि इटलीनं एकापाठोपाठ दोन गोल केले. "मी आत होते," उर्सुला म्हणाली. "इतकी शांतता मी ऑपरेशन थिएटरमध्येसुद्धा ऐकली नाही." बाबा म्हणाले, "ती मॅच मी पाहिली. ती मी पाहिलेली शेवटची." मला हे माहीत नव्हतं. त्या मॅचच्या वेळी मी त्याच घरात, वरच्या मजल्यावर होते.

आत शिरलो तो क्षण मला आजही नीट सांगता येत नाही, आणि सांगणं हा आता माझा व्यवसाय आहे. मी लंडनच्या थिएटरांमध्ये काचेमागच्या छोट्या खोलीत बसून, दृष्टी नसलेल्या प्रेक्षकांना हेडफोनमधून रंगमंच सांगते. नटी वळली, तिनं पत्र खिशात टाकलं, दिवा मंद झाला. दहा वर्षं हे करते आहे. तरी त्या जिन्यावरून वर आल्यावर जे समोर आलं त्याला शब्द सापडत नाहीत. आधी हिरवळ, खोटी वाटावी इतकी हिरवी. आणि उजव्या हाताला माणसांची एक भिंत. बाबांनी विचारलेला दक्षिणेकडचा स्टँड हाच, पण स्टँड म्हणवत नाही त्याला. एकाही खुर्चीशिवाय, खालपासून थेट छतापर्यंत चढत गेलेली, पंचवीस हजार उभी माणसं, सगळी पिवळी. ती भिंत हलत होती. ती गात होती. गाणं कानांत येत नव्हतं, आधी पायांत येत होतं, मग छातीत, मग दातांत. मी जिन्यातच थांबले. बाबांचा हात माझ्या खांद्यावर होता, आणि त्या हाताची बोटं हळूहळू घट्ट झाली. त्यांचा चेहरा उजवीकडे वळला होता, बरोबर त्या भिंतीकडे. "केवढी उंच आहे ही?" त्यांनी माझ्या कानाशी विचारलं. "आवाज वरून येतोय. आभाळातून आल्यासारखा."

आमच्या जागा खालच्या बाजूला, त्या भिंतीकडच्या कोपऱ्याजवळ होत्या. ओळीत दहाबारा माणसं होती, कोणाजवळ पांढरी काठी, कोणाजवळ कुत्रा. बाबांच्या पलीकडे एक वयस्क जर्मन गृहस्थ होते, गळ्यात इतके जुने स्कार्फ की मान दिसत नव्हती. बाबांनी हेडफोन कानाला लावले, दोन मिनिटं जर्मन ऐकलं आणि काढून ठेवले. मॅच सुरू झाली आणि उर्सुलानं कबूल केल्याप्रमाणे इंग्लिशमध्ये सांगायला सुरुवात केली. पहिली सातआठ मिनिटं तिनं फार छान सांगितलं. मग पिवळ्या संघाचा एक मुलगा एकटाच गोलकडे धावला, आणि उर्सुला उठून उभी राहिली, आणि त्यानंतर तिच्या तोंडून इंग्लिश असं निघालंच नाही. ती नुसती ओरडत होती. बाबा तिची बाही ओढत विचारत होते, "काय झालं? उर्सुला, काय झालं?" ती पार हरवली होती. मग त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"केतकी. काय झालं?"

मी म्हणाले, "He's hit the post, Baba." त्यांना ऐकू आलं नाही. मी पुन्हा ओरडले. त्यांनी कान पुढे केला आणि चिडून म्हणाले, "मराठीत सांग. इथे सगळे एकाच आवाजात ओरडताहेत. मराठी वेगळं ऐकू येईल."

"बाबा, मला येत नाही."

"येईल तेवढं सांग."

मी सुरू केलं. सुरुवात लाजिरवाणी होती. "त्याने बॉल टाकली, आता दुसरा, तो नंबर सात, त्याने घेतली..." "टाकला," बाबा म्हणाले. "बॉल टाकला." "हो, टाकला, आणि ती परत..." "तो." मी वैतागले. "बाबा, गोल झाला तर मध्येच थांबून ग्रामर सांगणार का तुम्ही?" त्यावर ते हसले. मोठ्यानं नाही, पण हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा. आणि मग त्यांनी एकही चूक काढली नाही.

मला शब्द कमी पडत होते, म्हणून होते ते वापरले. चेंडू जमिनीलगत सरसर गेला तेव्हा मी म्हणाले, पोळी लाटताना लाटणं जातं तसा गेला. तीन जण एका चेंडूवर तुटून पडले तर म्हणाले, कढईत मोहरी तडतडतेय. आणि पहिला गोल झाला, पिवळ्यांचा, तेव्हा ती अख्खी भिंत उसळून कठड्याकडे खाली आली. मी किंचाळले, "बाबा, दूध उतू गेलं! सगळं दूध उतू गेलं!" बाबा उभे राहिले. त्यांनी दोन्ही हात वर केले, आणि शेजारच्या स्कार्फवाल्या गृहस्थांनी ते हात चाचपडत शोधून धरले, आणि दोन दृष्टी नसलेली माणसं एकमेकांचे हात धरून नाचली. आई किचनमधून जे काही आयुष्यभर माझ्या अंगावर ओरडली होती, ते सगळं एका तासात मी बाबांच्या कानात ओतत होते, आणि बाबा ते पाहत होते. दुसरा शब्द नाही. पाहत होते.

दुसऱ्या अर्ध्या भागात त्यांनी मला विचारलं, "पिवळ्यांचा कीपर आता आपल्या बाजूला असेल ना? चेंडू सोड. तो काय करतोय ते सांग." मी म्हणाले, तो काहीच करत नाहीये, चेंडू पलीकडे आहे. "कोणीच त्याच्याकडे बघत नाही," बाबा म्हणाले. "तू बघ." मी बघितलं. तो माणूस एकटाच होता, त्याच्या पाठीशी ती प्रचंड भिंत, आणि तो सतत हलत होता. दोन पावलं पुढे, एक मागे, खांबाला हात लावून परत मध्ये. बाबांचे हात मांडीवर त्याच्याबरोबर हलायला लागले. कॉलेजात त्यांना तीन गोल खावे लागले होते त्या मॅचबद्दल ते बोलले, चिखलाबद्दल, आपल्याच बचावपटूवर ओरडल्याबद्दल. मी इकडे कीपर सांगत होते, ते तिकडे त्यांचं तरुणपण सांगत होते, दोघंही एकाच वेळी, आणि मला दोन्ही ऐकू येत होतं.

मॅच संपायला थोडा वेळ उरला असताना पाहुण्या संघाला पेनल्टी मिळाली. बरोबर आमच्यासमोर. ऐंशी हजार माणसं शिट्ट्या वाजवत होती, कान बधीर झाले होते. बाबांनी माझं मनगट धरलं. "कीपरचे पाय बघ. फक्त पाय. कुठला गुडघा जास्त वाकलाय?"

"उजवा. त्याचा उजवा. थोडासाच."

"मग तो त्याच्या डावीकडे झेप घेणार. आत्ताच ठरवलंय त्यानं. फार लवकर ठरवलं. आता मारणाऱ्याला कळलं असेल तर..."

तो डावीकडे झेपावला. चेंडू उजवीकडून आत गेला.

आणि मग ती शांतता, जिच्याबद्दल उर्सुलानं सांगितलं होतं. एखादं मोठं यंत्र बंद पडावं तसं सगळं थांबलं. त्या शांततेत फक्त एक माणूस आनंदानं ओरडत होता, माझा बाप. "सांगितलं होतं ना! केतू, सांगितलं होतं की नाही!" पुढच्या ओळीतले लोक वळून बघायला लागले. उर्सुलाच्या डोळ्यांत पाणी होतं, तिनं रागानं विचारलं, "आम्ही गोल खाल्ला ते डॉक्टरांना आवडलं?" मी तिला सांगितलं, डॉक्टरांना तो दिसला. तिनं बाबांकडे बघितलं, आणि आपला स्कार्फ काढून त्यांच्या गळ्यात घातला. आणि तेवढ्यात त्या भिंतीच्या वरच्या कुठल्यातरी कोपऱ्यातून एका माणसानं गायला सुरुवात केली. मग दहा जणांनी. मग सगळ्यांनी. आपल्याच हरलेल्या कीपरच्या पाठीशी उभं राहून ते पंचवीस हजार लोक त्याच्यासाठी गात होते. मी ते सांगायला तोंड उघडलं. बाबांनी माझ्या हातावर थोपटलं, राहू दे म्हणून.

मॅच बरोबरीत सुटली. गर्दी ओसरेपर्यंत आम्ही बसून राहिलो. शेजारचे स्कार्फवाले गृहस्थ उठले आणि मोडक्या इंग्लिशमध्ये त्यांनी मला विचारलं, ही कुठली भाषा. मी म्हणाले, मराठी. ते म्हणाले, "मध्यंतरानंतर मी हेडफोन काढून ठेवले आणि तुमचं ऐकलं. एक शब्द कळला नाही. पण चेंडू कुठे आहे ते मला कळत होतं." त्यांनी टोपी काढली, माझ्यासमोर किंचित वाकले, आणि काठी टकटक वाजवत गेले. सोळा वर्षांच्या मुलीसमोर कोणी असं वाकत नाही. मला रडू आलं आणि बाबांना ते कळू नये म्हणून मी सॅकची चेन उघडत बसले.

बाबा त्यानंतर चौदा वर्षं होते. हॉस्पिटलमध्ये आठवड्यातून दोन दिवस ते नव्या भूलतज्ज्ञांना शिकवायला जायला लागले. पेशंटशी बोलायचं कसं, झोप यायच्या आधीच्या त्या अर्ध्या मिनिटात त्याची भीती कशी काढायची, हे. आणि रोज संध्याकाळी मला मराठी शिकवलं. आज मी जे लिहिते आहे ते त्यांचं आहे. पण मला सांगायची आहे ती स्टेशनपर्यंतची वाट.

बाहेर सगळीकडे माणसंच माणसं, भाजलेल्या सॉसेजचा धूर, ओल्या पानांचा वास. उर्सुला पुढे वाट काढत होती. बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होते, आणि अचानक म्हणाले, "चेहरे सांग."

"कोणाचे?"

"सगळ्यांचे. कोणीही समोर येईल त्याचा."

दृष्टी गेल्यापासून त्यांनी कधी कोणाचा चेहरा विचारला नव्हता. मी सांगत गेले. एक आजी, गाल लाल, कपाळावर पिवळा रंग ओघळलेला. दोन भाऊ, एकसारखे, एक हसतोय, दुसरा रुसलाय. एक पोलीस, झोप आलेला. उर्सुला, नाक पुसतेय, खिशातून सांबारवडी काढून खातेय. बाबा प्रत्येकाला "हं" म्हणत होते, जसे ते आई ताट सांगायची तेव्हा म्हणत. स्टेशनचे दिवे दिसायला लागले तेव्हा ते थांबले. मागून येणारे लोक आमच्या दोन्ही बाजूंनी जात राहिले.

"आणि तू?" ते म्हणाले. "तू आता कशी दिसतेस?"

एवढे चेहरे सांगितले होते, पण हा सांगता येईना. "उंच झालेय," मी म्हणाले.

"ते खांद्यावरून कळलं. पुढे सांग."

"चष्मा लागलाय. मार्चमध्ये. तुम्हाला सांगितलं नाही."

त्यांचा हात खांद्यावरून वर आला, गालावरून गेला, चष्म्याच्या काडीपाशी थांबला. त्यांनी तो अगदी हलक्या हातानं, पेशंटचा मास्क नीट करावा तसा, माझ्या नाकावर सरळ केला.

"दर वर्षी डोळे तपासायचे," ते म्हणाले. "दर वर्षी. आता सांग, नाक कोणावर गेलंय?"

"तुमच्यावर," मी म्हणाले, आणि सांगत राहिले, ट्रेन येईपर्यंत, आणि ट्रेनमध्येही.